मलयाळम भाषेतील पुरुषवाचक सर्वनामे

मलयाळम ही केरळची भाषा होय. २०११ च्या जनगणनेत ती मातृभाषा म्हणून सांगणाऱ्यांची संख्या सुमारे ३ कोटी ४८ लाख होती. उद्योगधंद्यानिमित्त केरळातून आलेली कुटुंबे महाराष्ट्रातही राहतात व त्यांची मुले मराठी शाळेत येतात. अशा मुलाची भाषा समजून घेऊ इच्छिणाऱ्या शिक्षकाने आरंभ सर्वनामांपासून करावा. ती थोडी आहेत, आणि त्यांच्यावाचून एकही संभाषण पुढे सरकत नाही.

(१) प्रथम पुरुष : 'मी' यास 'ञान्' म्हणतात. आरंभीचा ञ हा शुद्ध अनुनासिक आहे. त्याचा उच्चार 'ज्ञ'सारखा करू नये. अनेकवचनी दोन रूपे आहेत. ऐकणाऱ्यास वगळून बोलावयाचे असता 'ञङ्ङळ्' व त्यास सामावून घ्यावयाचे असता 'नम्मळ्'. हिंदी भाषकास हा भेद नवा वाटतो, कारण त्याला दोन्ही ठिकाणी 'हम' पुरते. मराठी माणसास मात्र तो घरचाच आहे. 'आम्ही जेवतो' आणि 'आपण जेवू' यांत जो फरक, तोच येथे. वर्गात मुलांसमवेत काही करावयाचे असता शिक्षकाने 'ञङ्ङळ्' म्हटले, तर मुले आपणांस वगळले असेच समजतील.

(२) द्वितीय पुरुष : 'नी' म्हणजे तू. हे रूप लहानांस व निकटच्यांस योजावे. 'निङ्ङळ्' म्हणजे तुम्ही. औपचारिक प्रसंगी 'ताङ्कळ्' हे आदरार्थी रूप वापरतात. तथापि वडीलधाऱ्यांशी बोलताना सर्वनाम टाळून 'चेट्टन्' (थोरला भाऊ), 'चेच्ची' (थोरली बहीण) अशा नात्याच्या शब्दांनीच संबोधण्याची रीत आहे. अपरिचित प्रौढास 'नी' म्हणणे उद्धटपणाचे ठरते.

(३) तृतीय पुरुष : येथे एक सोपी किल्ली आहे. आरंभी 'इ' असता वस्तू वा व्यक्ती जवळची, 'अ' असता दूरची. इवन् (हा), अवन् (तो). इवळ् (ही), अवळ् (ती). इतु (हे), अतु (ते). इवर् (ही माणसे), अवर् (ती माणसे). 'इतु' व 'अतु' यांतील शेवटचा उ अर्धवट उच्चारावा. आदरणीय पुरुषास 'अद्देहम्' व आदरणीय स्त्रीस 'अवर्' म्हणतात.

लिंगाचा विचार मराठीहून वेगळा आहे. मराठीत तो दगड, ती नदी, ते झाड. मलयाळममध्ये या तिन्हींस 'अतु'च. 'अवन्' व 'अवळ्' ही रूपे मुख्यतः मनुष्यांकरिता आहेत.

(४) क्रियापद : ञान् वन्नु, नी वन्नु, अवन् वन्नु, अवळ् वन्नु, अवर् वन्नु. मराठीत मी आलो, तू आलास, तो आला, ती आली, ते आले अशी रूपे बदलतात. मलयाळममध्ये 'वन्नु' अखेरपर्यंत तसेच राहते. कोण आले हे क्रियापद सांगत नाही. ते सर्वनामावरून किंवा संदर्भावरून कळते.

ही शेवटची गोष्ट शिक्षकाने विशेष ध्यानी घ्यावी. मलयाळमभाषक मुलगी 'मी आलो' किंवा 'ती आला' असे म्हणण्याचा संभव असतो. तो तिचा मतिमंदपणा नव्हे अथवा निष्काळजीपणाही नव्हे. मातृभाषेचा नियम ती मराठीस लावीत असते. तिला रागावण्याने ती बोलण्याचेच सोडील. त्याऐवजी मुलगा व मुलगी यांस समोर उभे करून 'तो आला, ती आली' ही वाक्ये कृतीसह म्हणवून घ्यावी.

शिकण्याचा क्रमही असाच कृतीचा ठेवावा. पहिल्या दिवशी 'ञान्' व 'नी', दुसऱ्या दिवशी बोट दाखवून 'इतु' व 'अतु', नंतर 'इवन्, अवन्, इवळ्, अवळ्' आणि शेवटी अनेकवचने. प्रत्येक सर्वनामास 'वन्नु' जोडून वाक्य करावे. वर्गात मलयाळमभाषक मूल असल्यास उच्चार त्याच्याकडून तपासून घ्यावे. शिक्षक आपली भाषा शिकत आहेत, हे पाहून त्याचाही संकोच दूर होईल.