माघांतील गळ आणि कोरडें बोचकें

पंचांगाप्रमाणें वसंतपंचमी माघ शुद्ध पंचमीला येते. परंतु त्या दिवशीं पहांटे रेणापूरच्या शिवारांत पाऊल टाकणाऱ्याला वसंताचा मागमूसहि लागत नाहीं. महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, अशी लोकांची समजूत आहे. म्हणजे या दोन सणांच्या मधले सुमारें चोवीस दिवस नांवानें वसंताचे, पण गुणानें शिशिराचे असतात. याच दिवसांत ऊन सोसवतें, आणि शहरांतील हौशी मंडळींना गळ टाकून दिवसभर पाण्याकांठीं बसण्याची इच्छा होते. निघण्यापूर्वीं गळ, दोरी, काठी आणि आमिष यांचा मोठा खल होतो. अंगावर काय घालावें व बरोबर काय न्यावें, याचा विचार मात्र दारांतून बाहेर पडतांना होतो. वास्तविक सहलीचें सुखदुःख याच दुसऱ्या प्रश्नावर अवलंबून असतें.

रेणापूर हें लातूर जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव रेणा नदीवर वसलेलें आहे. ही नदी पुढें मांजरेला मिळते आणि मांजरेचें पाणी गोदावरींत जातें. तालुक्यांत भंडारवाडी येथें रेणा मध्यम प्रकल्पाचा जलाशय आहे. हा सारा मुलूख बालाघाटाच्या पठाराचा. समुद्र दूर, हवा कोरडी आणि या दिवसांत आकाश बहुधा निरभ्र. ढगांचें पांघरूण नसल्यामुळें दिवसां तापलेली जमीन रात्रीं आपली उष्णता झपाट्यानें सोडून देते. त्यामुळें माघांत पहांटेचें तापमान पुष्कळदां १५ अंश सेल्सियसच्या खालीं उतरतें आणि दुपारीं तेंच ३० अंशांच्या आसपास चढतें. एका दिवसांत असे दोन ऋतु सोसावयाचे असल्यामुळें एकच जाड कोट पुरा पडत नाहीं. त्याऐवजीं दोनतीन पातळ कपडे एकावर एक घालावे. त्यांच्या थरांमध्यें अडकलेली हवा ऊब राखते, आणि ऊन चढेल तसा एकेक थर उतरवितां येतो. लातूरहून मोटारसायकलनें पहांटे निघणाऱ्यांनीं सर्वांत वर पावसाळी कोट घालावा. तो स्वतः गरम नसतो. पण आंतील उबदार हवा वाऱ्यानें हुसकली जाऊं नये, हें काम तो चोख करतो.

तथापि या प्रदेशांतील थंडी कोरड्या व निरोगी माणसाला फारशी इजा करीत नाहीं. इजा होते ती ओलेपणामुळें. कांठावर पाय घसरतो, मूल गुडघाभर पाण्यांत उतरतें, ओली दोरी ओढतांना बाह्या भिजतात. पाणी हवेच्या सुमारें पंचवीसपट वेगानें उष्णता वाहून नेतें. शिवाय ओला कपडा वाळूं लागला कीं त्या बाष्पीभवनाला लागणारी उष्णता बव्हंशीं अंगांतूनच जाते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारें ५८० कॅलरी उष्णता लागते. तितक्या उष्णतेनें बर्फासारखें गार असें जवळजवळ सहा ग्रॅम पाणी उकळीला आलें असतें! यावरून भिजलेला सदरा अंगावरच वाळूं देणाऱ्या माणसाची किती उष्णता खर्च होते, याची कल्पना येईल. वाहत्या वाऱ्यांत हा खर्च आणखी वाढतो. लहान मुलांचें अंग वजनाच्या मानानें अधिक उघडें असतें आणि वृद्धांची उष्णता उत्पन्न करण्याची शक्ति मंदावलेली असते. म्हणून या दोघांना धोका सर्वांत आधीं.

याच कारणासाठीं सुती कपड्यावर भिस्त ठेवूं नये. सूत पाणी शोषतें, अंगाला चिकटतें आणि त्यांतील हवेचे कप्पे पाण्यानें भरून जातात. लोकरीची रीत निराळी आहे. आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा पोटांत घेऊनहि ती हाताला ओली लागत नाहीं, आणि तिचे कुरळे तंतु हवा धरून ठेवतात. दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीचें घोंगडें धनगर पिढ्यान्‌पिढ्या पावसांतहि वापरीत आले, तें या गुणामुळेंच. त्याचा घोंगता करून डोक्यावरून घेतला म्हणजे डोकें, कान आणि पाठ एकदम झांकली जाते. घरांत घोंगडें असल्यास नव्या महागड्या कोटापूर्वीं त्याचा विचार करावा.

आतां बांधाबांध. सामानाचे तीन भाग करावे आणि ते एकमेकांत मिसळूं नयेत. पहिल्या भागांत मासेमारीचें साहित्य : काठी, दोरी, निरनिराळ्या आकारांचे गळ, शिशाच्या गोळ्या, बुचाचे तुकडे, रुतलेला गळ काढण्यासाठीं लहान पक्कड, आणि आमिषासाठीं कणीक किंवा पेंड. गळ उघडे ठेवूं नयेत. झांकणाच्या डबींत ठेवावे. दुसऱ्या भागांत शिदोरी. थंडींत अंगाला इंधन अधिक लागतें, म्हणून शेंगदाणे, गूळ आणि तेल लावून भाजलेलीं धपाटीं उत्तम. तीं दिवसभर टिकतात आणि गार झालीं तरी खाववतात. थर्मासमध्यें गोड चहा असावा. दुपारच्या उन्हासाठीं पिण्याचें पाणी मात्र विसरूं नये. जलाशयाचें पाणी न उकळतां पिऊं नये.

तिसरा भाग म्हणजे कोरडें बोचकें. प्रत्येक माणसामागें एक सदरा, एक पायजमा, लोकरीची बंडी, पायमोजे, कानटोपी आणि पंचा यांची घडी करून ती जाड प्लास्टिकच्या पिशवींत घालावी, हवा काढावी आणि तोंड घट्ट बांधावें. आंत एका डबींत काड्यापेटी आणि लहान बॅटरी ठेवावी. हें बोचकें थंडी वाजते म्हणून सोडावयाचें नाहीं. कोणी भिजला तरच सोडावयाचें. तें पाण्यापासून लांब, वाहनांत किंवा झाडाखालीं ठेवावें. कांठावरच ठेवलेलें बोचकें माणसाबरोबरच भिजतें.

निघण्याच्या वेळेबद्दलहि एक गैरसमज आहे. अंधारांत गेल्याशिवाय मासा लागत नाहीं, असें हौशी मंडळी मानतात. उन्हाळ्यांत त्यांत तथ्य असेल. माघांत फारसें नाहीं. माशाचें रक्त सभोंवारच्या पाण्याइतकेंच गार होतें. आपल्या जलाशयांत सोडले जाणारे कटला, रोहू आणि मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यांतील मासे; २५ ते ३० अंशांच्या पाण्यांत ते उत्तम खातात व वाढतात. गार पाण्यांत त्यांची भूक मंदावते. कांठचें उथळ पाणी रात्रीं लवकर निवतें आणि उन्हानें लवकर तापतें; म्हणून सूर्य चांगला वर आल्यावर मासे उथळाकडे येण्याचा संभव अधिक. आठ वाजतां पोंचणाऱ्याचें यांत कांहीं बुडत नाहीं, आणि मुलांच्या वांट्याची निम्मी थंडी टळते. बहुतेक जलाशयांवर मासेमारीचा ठेका स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. त्यांची परवानगी आधीं घ्यावी.

याच चौकशींत पाणी किती उरलें आहे, हेंहि विचारावें. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तेथील जलाशयाची पातळी दोन वर्षें सारखी राहील, असें कोणी धरूं नये. पाणी ओसरलें कीं काळ्या मातीचा रुंद पट्टा उघडा पडतो. वरून तो भेगाळलेला व वाळलेला दिसतो, खालीं मात्र गाळ असतो. तेथें पुढें काठी टेंकून भार पाहिल्याशिवाय पाऊल टाकूं नये, आणि मुलांना एकटें सोडूं नये.

इतकें करूनहि कोणी भिजलाच, तर ‘उन्हांत बसला कीं वाळेल’ असें म्हणून चालत नाहीं. लगेच ओले कपडे उतरवावे, अंग पंचानें टिपावें, कोरडें बोचकें सोडावें, डोकें झांकावें आणि शुद्धीवर असल्यास गोड गरम चहा द्यावा. मद्य कदापि देऊं नये. त्यानें कातडीखालील रक्तवाहिन्या फुगतात, क्षणभर ऊब वाटते, पण आंतली उष्णता बाहेर जाते. बोटें अवघडणें, बोलणें अडखळणें, पाय लटपटणें हीं शरीराचें तापमान ३५ अंशांकडे घसरत असल्याचीं चिन्हें आहेत. असा माणूस कुडकुडायचा थांबला, तर तो बरा झाला असें समजूं नये. त्याच्या शरीराची झुंजण्याची शक्ति संपत आली, असें समजून त्याला तत्काळ दवाखान्यांत न्यावें.

बहुतेक वेळां हें बोचकें न सोडतांच घरीं परत येईल. तें तसेंच बांधलेलें, दाराजवळच्या खुंटीला अडकवून ठेवावें. पुढच्या खेपेस मासेमारीचें सामान गोळा करण्यापूर्वीं आधीं तें खालीं काढावें.