सायकलवरून विजयदुर्ग ते मालवण

मुलांनो, समुद्रकाठचा रस्ता म्हटला की तुमच्या डोळ्यांपुढे काय येते? एका बाजूला निळे पाणी, दुसऱ्या बाजूला माडांची रांग आणि मध्ये पाटीवर रेघ ओढावी तसा सपाट रस्ता. होय ना? आपण घाटावरची माणसे. आपल्याला असेच वाटणार. पण कोकणातला किनारा तसा नाही, बरं का! गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझे एक शिक्षक मित्र विजयदुर्गाहून देवगड, कुणकेश्वर, आचरे असे करीत मालवणला सायकलने गेलो. अंतर 80 किलोमीटरच्या आसपास. रमतगमत दोन दिवस लागले. या वाटेने दर तासाला आम्हांला चढवले आणि उतरवले. हे असे का, ते आज सांगतो.

रस्ता वर-खाली का होतो?

सह्याद्रीपासून समुद्र फार लांब नाही. म्हणून कोकणातल्या नद्या आखूड आणि वेगाने धावणाऱ्या. त्यांनी लाखो वर्षांत जमीन खोल चिरून काढली. दोन नद्यांच्या मध्ये जो उंच, सपाट, खडकाळ भाग राहिला त्याला कोकणात ‘सडा’ म्हणतात. हा सडा जांभ्या दगडाचा. भरपूर पाऊस आणि उष्णता यांनी मूळचा खडक झिजतो, त्यातले बरेच काही वाहून जाते आणि लोखंडाचा अंश मागे उरतो. म्हणून जांभा तांबडा दिसतो.

पुढे हिमयुग संपले. बर्फ वितळले, समुद्राचे पाणी वाढले आणि नद्यांच्या मुखांतून आत शिरले. त्यांच्या झाल्या खाड्या. आता हिशेब करा : सडा, मग खाडी, मग पुन्हा सडा, पुन्हा खाडी. रस्त्याला सड्यावरून खाली उतरायचे, पूल ओलांडायचा आणि समोरचा सडा चढायचा. दुसरा मार्गच नाही. वाघोटण, देवगड, आचरे, कोळंब अशा खाड्या या भागात एकापाठोपाठ एक आहेत.

किल्ले तिथेच का?

आज खाडी आपल्या रस्त्याला आडवी येते. पूर्वी खाडी हाच रस्ता होता! गलबते भरतीबरोबर खाडीतून आत जात. विजयदुर्गाच्या खाडीतून माल खारेपाटणपर्यंत पोहोचे आणि तिथून बैलांच्या पाठीवर घाट चढून देशावर येई. म्हणजे ज्याच्या हाती खाडीचे तोंड, त्याच्या हाती सगळा व्यापार. म्हणून तोंडाशीच विजयदुर्ग उभा आहे.

विजयदुर्गाला तीन बाजूंनी पाणी आणि एकामागे एक अशी तीन तटबंदी. आंग्र्यांच्या आरमाराचे हे मोठे ठाणे. 1756 साली इंग्रजांचे आरमार समुद्रातून आणि पेशव्यांची फौज जमिनीवरून आली, तेव्हा तो आंग्र्यांच्या हातून गेला. आपल्याच माणसांत फूट पडली की तीन तटसुद्धा पुरे पडत नाहीत, हे तिथे उभे राहिल्यावर फार जाणवते.

जवळच गिर्ये गावाशी खाडीकाठी कातळात खोदलेली गोदी आहे. गोदी म्हणजे जहाजांचा दवाखाना. भरतीच्या पाण्यावर तरंगत जहाज आत घ्यायचे, ओहोटीला पाणी उतरले की जहाज कोरडे पडते. मग तोंड बंद करून त्याची डागडुजी करायची आणि पुढे भरतीच्या पाण्यावर बाहेर काढायचे. ना इंजिन, ना यारी. समुद्राकडूनच काम करून घ्यायचे!

देवगडलाही खाडीच्या तोंडाशी किल्ला आणि दीपस्तंभ आहे. सड्यावर वारा इतका की तिथे पवनचक्क्या उभारल्या आहेत. कुणकेश्वराचे देऊळ तर थेट पुळणीच्या काठावर. आचऱ्याची एक गंमत ऐका. तिथे काही वर्षांनी ‘गावपळण’ होते. तीन दिवस सगळा गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर राहुट्यांत राहायला जातो!

मालवणला सायकली किनाऱ्यावर लावून होडीने सिंधुदुर्ग पाहायला गेलो. कुरटे बेटावरच्या या किल्ल्याचा पाया शिवरायांनी 25 नोव्हेंबर 1664 रोजी घातला. चहूकडे खारे पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. हे कसे? बेटावर पडलेले पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे त्याच्या वरच राहते. 2025 साली युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारशात घेतले. त्यांत विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग दोन्ही आहेत.

चढ कसा चढावा?

माझी सायकल साधी, मित्रांची गिअरची. गिअर म्हणजे जादू नव्हे. पुढचे चक्र लहान आणि मागचे मोठे केले की पायडल हलके होते, पण तेवढ्याच अंतराला जास्त वेळा मारावे लागते. कष्ट वाचत नाहीत, ते थोडे थोडे करून द्यायचे असतात. माझ्या साध्या सायकलीवर उपाय एकच : दम लागला की उतरायचे आणि ढकलायचे. त्यात लाज कसली?

वाऱ्याचेही ध्यान ठेवले. दुपारी जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते. तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्रावरची गार हवा तिची जागा घ्यायला येते. कोकणात हा वारा बहुधा वायव्येकडून येतो. आम्ही उत्तरेकडून दक्षिणेकडे चाललो होतो, त्यामुळे तो पाठीशी राहिला.

उतार कसा उतरावा?

आता नीट ऐका. यासाठीच तर हा लेख लिहिला. तुमच्यातली सातवीची मुले-मुली पुढच्या वर्षी सायकलने खिंड उतरून हायस्कूलला जातील. चढ माणसाला दमवतो, पण घात करतो तो उतार.

वेग दुप्पट झाला तर सायकल थांबायला दुप्पट नव्हे, चौपट अंतर लागते. ज्या वेगाला तुम्ही 3 मीटरांत थांबता, त्याच्या दुप्पट वेगाला 12 मीटर हवेत. आणि वळणापलीकडे म्हैस उभी असेल तर ती 12 मीटर देत नाही! म्हणून आम्ही उतार सुरू होण्याआधीच ब्रेक धरत होतो, वेग आल्यावर नव्हे.

हे कागदावर लिहून घ्या :

1. निघण्यापूर्वी दोन्ही ब्रेक दाबून पाहा. रबर झिजले असेल तर आधी बदला, मग निघा.
2. नुसता पुढचा ब्रेक करकचून दाबू नका, सायकल उलटते. आधी मागचा, मग दोन्ही मिळून.
3. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवू नका, रबर तापते. दाबा, सोडा, पुन्हा दाबा.
4. रस्त्यावर वाळू, खडी किंवा पाणी असेल तर वळणाआधी वेग कमी करा. वळणात ब्रेक मारला की चाक घसरते.
5. उतारावर डबलसीट नाही आणि शर्यत तर मुळीच नाही.

एका उतारावर तांबडी खडी पसरली होती. आम्ही दोघेही उतरलो आणि सायकली हाताने धरून खाली आलो. वाटेतली दोन मुले हसली. हसू देत! पाच मिनिटे उशीर झाला, पण गुडघे शाबूत राहिले.

किनाऱ्यावरून परतल्यावर सायकल गोड्या पाण्याने धुऊन, पुसून चेनला तेल दिले. खाऱ्या हवेने लोखंड लवकर गंजते.

तेव्हा मुलांनो, उद्या शाळेत येताना आपापल्या घरची सायकल तपासा. ज्यांचे ब्रेक लागत नसतील त्यांनी मला सांगा. शनिवारी शाळा सुटल्यावर पाना आणि रबरे घेऊन आपण वडाखाली बसू.

— तुमचे गुरुजी