दुखेपर्यंत चाला

चालताना पोटरीत गोळा येतो, थांबलं की जातो. म्हणून पायाच्या धमन्या चोंदलेला माणूस चालणंच सोडतो. गफलत होते ती इथेच. अमेरिकेतल्या २०१२च्या ‘क्लेव्हर’ चाचणीत सहा महिन्यांनी ट्रेडमिलवरची चाल स्टेंट घातलेल्यांपेक्षा देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्यांची जास्त सुधारली. धमनी तुंबलेलीच राहते, पण स्नायू मिळेल तेवढ्या प्राणवायूवर जास्त काम करायला शिकतात. दुखतंय तर चालायचं कशाला, ही शंका रास्तच. मात्र २०२१च्या ‘लाइट’ चाचणीत कळ येऊ न देता रमतगमत चालणाऱ्यांच्या पदरात फारसं काही पडलं नाही. पोटरी बऱ्यापैकी दुखेस्तोवर चालायचं, कळ ओसरेपर्यंत बसायचं, पुन्हा उठायचं. असं ३० ते ४५ मिनिटं, आठवड्यातून तीनदा, १२ आठवडे. बसल्याजागी पाय ठणकत असेल किंवा जखम भरत नसेल, तर मात्र आधी डॉक्टर गाठावा.