स्वगताकडून जबानीकडे

स्वातंत्र्योत्तर मराठी नाटकातला शोकनायक कसा बदलला, हे डॉ. श्रीराम लागू यांच्या दोन भूमिका शेजारीशेजारी ठेवल्या की कळते. ‘नटसम्राट’मधले (१९७०) अप्पासाहेब बेलवलकर सर्वस्व मुलांना देऊन टाकतात आणि रस्त्यावर येतात. घर जाते, पण स्वगतासाठी रंगमंच मोकळा राहतो.

गो. पु. देशपांडे यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’त (१९७४) डाव्या विचारांचे प्राध्यापक श्रीधर विश्वनाथ कुलकर्णी विद्यापीठाच्या चौकशी समितीपुढे बसतात. येथे स्वगताची जागा जबानीने घेतली आहे. चौकशीचा रोख त्यांच्या विचारांवर आहे. आणि ती करते विचारस्वातंत्र्याची हमी देणाऱ्या प्रजासत्ताकातलेच विद्यापीठ. भ्रमनिरासाचे मूळ इथे आहे.

अॅरिस्टॉटलच्या मते शोकनायक स्वतःच्या एखाद्या चुकीमुळे कोसळतो. कुलकर्णींची चूक कोणती? देशाने उच्चारलेले आदर्श त्यांनी शब्दशः खरे मानले, एवढीच. धर्मशाळा कुणा एकाच्या मालकीची नसते; ती वाटसरूंसाठी असते. राष्ट्रीय आदर्शांचेही तसेच. ती मोडली, तरी हा वाटसरू प्रश्नांना उत्तरे देत राहतो. आधुनिक शोकनायकाची उंची त्या उत्तरांत आहे.