संगणकाची स्वस्त डबी : ठेवावी की काढावी?

सांगली जिल्ह्यातील तालुक्याच्या एका गावी कापडाचे जुने दुकान आहे. दुकानामागच्या खोलीत हिशेबाचा संगणक असतो. सहा वर्षांपूर्वी थोरल्या मुलाने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून तो जोडून घेतला. खरेदीविक्रीच्या नोंदी, जीएसटीची विवरणपत्रे, उधारीच्या याद्या असे सारे त्याच एका यंत्रात. गेल्या पावसाळ्यात फरशी पुसताना सूनबाईंचा हात कॅबिनेटच्या पत्र्याला लागला आणि बोटांना झिणझिण्या आल्या. कॉलेजात शिकणाऱ्या नातवाने लगेच निकाल दिला, “आजोबा, आतला एसएमपीएस स्वस्तातला आहे. काढून टाकू या.” आजोबांचे उत्तर ठरलेले होते, “सहा वर्षांत एक दिवस बंद पडला नाही. चालते ते कशाला मोडायचे?”

असा वाद आज अनेक घरांत होतो आणि बहुधा ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने मिटतो. वास्तविक स्वस्त म्हणजे धोकादायक हे जितके कच्चे, तितकेच चालते म्हणजे निर्धोक हेही कच्चे. या डबीची पारख करता येते. तिच्यासाठी थोडी माहिती आणि बरेचसे धैर्य लागते, म्हणजे घाई न करण्याचे धैर्य.

कॅबिनेटच्या मागच्या कोपऱ्यात, पंख्यासह बसवलेली पत्र्याची पेटी म्हणजे एसएमपीएस. भिंतीतून येणारी 230 व्होल्टची वीज घेऊन ती मदरबोर्डाला आणि इतर भागांना 12, 5 आणि 3.3 व्होल्टची एकदिश वीज पुरवते. या कामात पेटीच्या आत सुमारे 325 व्होल्टचा दाब एका मोठ्या कपॅसिटरवर साठतो. प्लग काढल्यावरही तो काही काळ तेथे राहू शकतो. म्हणून बाकी संगणक हौसेने उघडणाऱ्यानेही या पेटीचे स्क्रू घरी काढू नयेत. पारख बाहेरूनच करावयाची आहे.

प्रथम झिणझिण्यांचा विचार करावा, कारण भीती तेथूनच सुरू झाली. बऱ्या एसएमपीएसमध्ये विजेतील खरखर गाळण्यासाठी दोन लहान कपॅसिटर असतात. एक फेजपासून पत्र्याला आणि दुसरा न्यूट्रलपासून पत्र्याला जोडलेला असतो. अर्थिंग नीट असेल तर त्यातून झिरपणारा अल्प प्रवाह जमिनीत निघून जातो. अर्थिंग तुटलेले असेल तर पत्रा सुमारे अर्ध्या दाबावर, म्हणजे 115 व्होल्टच्या आसपास, तरंगत राहतो. टेस्टर लावला की दिवा लागतो, बोट लावले की झिणझिण्या येतात. तेव्हा या झिणझिण्या बहुतेक वेळा डबीच्या नव्हे, घरातील वायरिंगच्या दोषाची वर्दी देतात. गंमत अशी की अगदीच हलक्या डबीत हे गाळणीचे भाग वगळलेले असतात, त्यामुळे तिच्या पत्र्याला हात लावला तरी काही जाणवत नाही आणि ती अधिक गुणी वाटते! झिणझिण्या नसणे हा अर्थिंग असल्याचा पुरावा नव्हे.

तरीही ही गोष्ट किरकोळ मानू नये. झिरपणारा प्रवाह थोडा असतो हे खरे. परंतु उद्या आतले आवरण फाटून फेजची तार पत्र्याला टेकली, तर अर्थिंगअभावी फ्यूज उडणार नाही आणि पूर्ण दाब पत्र्यावर येऊन बसेल. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसासाठी हा फरक जीवनमरणाचा आहे. तीन पिनांची मोठी पिन मोडून प्लग दोन भोकांच्या बोर्डात बसवण्याची आपल्याकडील सवय या दृष्टीने घातक ठरते. इलेक्ट्रिशियनकडून बोर्डाचे अर्थिंग तपासून घ्यावे आणि मुख्य पेटीत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर तो बसवावा. हा खर्च नव्या एसएमपीएसच्या आधीचा आहे.

त्यानंतर लेबल वाचावे. ठळक अक्षरांतील आकड्यावर जाऊ नये. दुकानातील डबीवर ‘450’ असे मोठ्या दिमाखात छापले होते. मात्र तक्त्यात 12 व्होल्टच्या रकान्यात 16 अँपिअर एवढेच लिहिलेले होते. बारा गुणिले सोळा म्हणजे 192 वॅट. आजच्या संगणकातील प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड आपली जवळजवळ सारी भूक 12 व्होल्टवरच भागवतात. म्हणून खरी ताकद तीच. उरलेले वॅट कागदावरचे. हिशेबाच्या संगणकाला 192 वॅट भरपूर होतात, कारण ग्राफिक्स कार्ड नसलेले असे यंत्र साधारणपणे शंभराच्या आतच घेते. पण नातवाला त्यात खेळांसाठी 120 वॅटचे कार्ड बसवावयाचे होते. 65 वॅटचा प्रोसेसर, वर डिस्क आणि पंखे धरले की बेरीज 192 च्या पलीकडे जाते. एकच डबी आजोबांच्या कामाला पुरेशी आणि नातवाच्या कामाला अपुरी, असा हा प्रकार.

लेबलवर भारतीय मानक ब्युरोची नोंदणी खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक असेल, तर तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर घालून पाहता येतो. ‘80 प्लस’ ही खूण मात्र पुष्कळांना चकवते. ती कार्यक्षमतेची खूण आहे, म्हणजे घेतलेल्या विजेपैकी किती उपयोगी पडते आणि किती उष्णतेत वाया जाते एवढेच ती सांगते. सुरक्षिततेची हमी तीत नाही. नाव मोठे आणि खूण सोनेरी असली तरी डोळे मिटता येत नाहीत. 2021 च्या ऑगस्टमध्ये गिगाबाइट या तैवानी कंपनीने आपल्या 750 आणि 850 वॅटच्या दोन नमुन्यांविषयी निवेदन काढले. दोन्ही ‘80 प्लस गोल्ड’ होते, आणि काही परीक्षकांच्या चाचण्यांत ते जळाल्याचा बोभाटा झाला होता. जादा भार आल्यावर वीज तोडणारी यंत्रणा पूर्वी 120 ते 150 टक्के भाराला जागी होत असे. कंपनीने ती मर्यादा 110 ते 120 टक्क्यांवर आणली आणि ठरावीक क्रमांकांचे नग बदलून देण्याची तयारी दाखवली. वेळेवर बंद पडणे हाही पॉवर सप्लायचा एक गुणच आहे. हलक्या डबीत नेमकी हीच संरक्षणे अर्धवट असतात किंवा नसतातच.

वयाचा प्रश्न आणखी वेगळा. कपॅसिटरमधील द्रव उष्णतेने हळूहळू आटतो; तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते, असा ढोबळ आडाखा आहे. धुळीने पंखा जखडलेली डबी म्हणूनच लवकर म्हातारी होते. याचे एक लक्षण आपल्याकडे हमखास दिसते आणि हमखास चुकीच्या माथी मारले जाते. लाइट जाते, यूपीएस चालू होतो, तरी संगणक बंद पडून पुन्हा सुरू होतो. सगळे यूपीएसच्या बॅटरीला बोल लावतात. यूपीएस बॅटरीवर जाण्यास काही सहस्रांश सेकंद लागतात. चांगल्या डबीने सोळा-सतरा सहस्रांश सेकंद साठवणीवर तग धरला पाहिजे. आटलेला कपॅसिटर तो धरू शकत नाही.

जाणकार तंत्रज्ञ मल्टिमीटरने पिवळ्या व काळ्या तारेत दाब मोजतो. संगणक कामात असताना तो 11.4 ते 12.6 च्या दरम्यान हवा. लाल व काळ्या तारेत 4.75 ते 5.25. पडद्यावर दिसणारे आकडे पुष्कळदा फसवे असतात. मात्र साध्या मल्टिमीटरला विजेतील बारीक थरथर दिसत नाही, म्हणून मोजमाप चुकले तर डबी बाद. पण बरोबर आले तर ती निर्दोषच, असे म्हणता येत नाही. आणि जळका वास, तडतड, तपकिरी पडलेला कनेक्टर, वारंवार पडणारा एमसीबी यांपैकी काही दिसले तर मोजत बसू नये. भिंतीवरील बटण बंद करावे. आतील फ्यूज उडाला असेल तर तो बदलून डबी पुन्हा लावण्याचा मोहही टाळावा. तो बहुधा आतले काहीतरी जळल्यानंतरच उडतो.

दुकानात आधी हिशेबाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेण्यात आली. मग इलेक्ट्रिशियन आला. बोर्डाच्या मागे अर्थिंगची हिरवी तार सुटून लोंबत होती. ती जोडताच झिणझिण्या थांबल्या. सूनबाईंना झालेल्या त्रासापुरती डबी निर्दोष ठरली आणि आजोबांनी नातवाकडे पाहिले. तंत्रज्ञाने दाब मोजला : 11.8. तोही ठीक. शेवटी त्याने यूपीएसचा प्लग भिंतीतून काढला, तशी संगणकाची स्क्रीन काळी झाली. त्याच यूपीएसवर आपल्याजवळचा दुसरा एसएमपीएस लावून त्याने तीच कृती केली. या वेळी संगणक चालूच राहिला. आता नातवाकडे पाहण्याची पाळी आजोबांवर पुन्हा आली, पण वेगळ्या चेहऱ्याने.

नवी, 12 व्होल्टवर पुरेसे अँपिअर देणारी डबी तीन-साडेतीन हजारांत आली. जुनी डबी गावातील वाचनालयाच्या बंद संगणकाला द्यावी असे आजोबांच्या मनात होते. वस्तू अजून चालत होती. “तिथे लहान मुले बसतात हो,” एवढेच सूनबाई म्हणाल्या. आजोबांनी टेबलाच्या खणातून मार्कर काढला, पत्र्यावर ठळक अक्षरांत ‘बाद’ असे लिहिले आणि ई-कचरा घेणाऱ्या माणसाचा फोन नंबर तंत्रज्ञाकडे मागितला.