घटकाभराचा टोफू

(नभोवाणीवरील भाषण)

संध्याकाळीं सात वाजतां कचेरींतून घरीं परतलेल्या माणसाला ‘आज जेवायला काय करावें?’ हा प्रश्न जितका जड वाटतो, तितका दिवसभरांतील दुसरा कोणताहि प्रश्न क्वचितच वाटत असेल. अशा वेळीं पुष्कळ घरीं बटाट्याचा रस्सा आणि भात यांवर निभावून नेलें जातें. एखाद्या दिवशीं त्यांत वावगें कांहींच नाहीं. परंतु हाच क्रम आठवड्यांतून चार वेळां होऊं लागला, म्हणजे ताटांत पिष्ट भरपूर आणि प्रथिनें अगदीं बेताचीं, अशी स्थिति होते. शाकाहारी घरांतून, त्यांतहि वडील माणसांच्या बाबतींत, ही उणीव विशेष जाणवते. तिजवरचा एक सोपा उपाय आज मी आपणांस सांगणार आहें.

हा उपाय आमच्या घरीं कसा आला, तें आधीं सांगतें. गेल्या वर्षीं माझ्या सासूबाई घरांतच पाय घसरून पडल्या. हाड मोडलें नाहीं. पण महिनाभर अंथरुणावर काढावा लागल्यानें अंगांतील शक्ति गेली. डॉक्टरांनीं आहारांत प्रथिनें वाढविण्यास सांगितलें. अंडें त्यांनीं जन्मांत खाल्लेलें नाहीं, आणि दूध व दुधाचे पदार्थ त्यांना सोसत नाहींत. तेव्हां मी बाजारांतून टोफूची वडी आणली आणि ती पनीरसारखी दिसते म्हणून पनीरप्रमाणेंच तुकडे करून टोमॅटोच्या रश्शांत सोडली. तुकडे मोडले, रस्सा पाणचट झाला आणि चव म्हणून कशालाच राहिली नाहीं. सासूबाईंनीं दोन घांस खाल्ले, वाटी हळूच बाजूला सारली आणि ‘मला आपला वरणभातच दे’ असें म्हटलें. त्या बोलण्याचें मला वाईट वाटलें नाहीं. भरलेली वाटी तशीच उचलावी लागली, याचें वाटलें.

दोष टोफूचा नव्हता, माझ्या अज्ञानाचा होता. टोफू म्हणजे काय, हें आपण थोडें पाहूं. सोयाबीन रात्रभर भिजवून पाण्याबरोबर वाटतात. तें वाटण उकळून गाळतात आणि निघालेल्या दुधांत जिप्सम, किंवा समुद्राच्या पाण्यापासून मीठ काढल्यावर मागें उरणारें कडवट पाणी घालतात. त्यानें दूध फाटून जो साका जमतो, तो फडक्यांत बांधून दाबला कीं टोफूची वडी तयार होते. येथवर पनीरशीं साम्य आहे. पुढें मात्र भेद आहे. पनीरमध्यें दुधांतील स्निग्धांश पुष्कळ असतो. टोफूंत तो बेताचा, आणि पाणी फार. पाण्यानें भरलेल्या स्पंजांत रस्सा शिरावा तरी कसा? म्हणून पाणी आधीं काढावें, चव मागाहून द्यावी, हेंच टोफूच्या पाककृतीचें सारें मर्म आहे.

एखादा पदार्थ बिघडला, तर तो ज्या देशांत जन्मला तेथील लोक त्याला कसें वागवितात, हें पाहावें. टोफूची जन्मभूमि चीन. ह्वायनानचा राजपुत्र ल्यू आन यानें इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांत तो शोधून काढला, अशी तिकडे आख्यायिका आहे. लेखी उल्लेख मात्र दहाव्या शतकांतील ग्रंथांत सांपडतो. तेथून तो जपानांत गेला, आणि १७८२ सालीं ओसाका येथें टोफूच्या शंभर प्रकारांचें एक स्वतंत्र पुस्तकच प्रसिद्ध झालें. त्याच चीन देशाच्या सिच्वान प्रांतांत ‘ज्याछांग दोउफू’ नांवाचा एक पदार्थ आहे. आपल्याकडील गाड्यांवर ज्याला ‘शेजवान’ म्हणतात, तें नांव या प्रांतावरूनच पडलेलें आहे. ‘ज्याछांग’ म्हणजे घरचें, नेहमींचें. मेजवानीचा थाट नाहीं. टोफूच्या चकत्या तेलांत परतावयाच्या आणि थोड्या झणझणीत रसांत शिजवावयाच्या, एवढेंच. आमच्या घरीं तो आतां एका घटकेंत, म्हणजे २४ मिनिटांत, तयार होतो.

चार माणसांसाठीं ४०० ग्रॅम घट्ट टोफू घ्यावा. पाकिटावर ‘सिल्कन’ असें लिहिलेला मऊ टोफू या कामाचा नाहीं; तो तव्यावर टिकत नाहीं. घरीं येतांच चार सुक्या ब्याडगी मिरच्या कोमट पाण्यांत टाकाव्या, भात चुलीवर चढवावा आणि दुसरीकडे पाणी उकळत ठेवावें. टोफूच्या सुमारें १ सेंटिमीटर जाडीच्या चकत्या करून प्रत्येकीचे कर्णावर दोन त्रिकोण करावे. उकळत्या पाण्यांत मोठा चमचाभर मीठ विरघळवून तें चकत्यांवर ओतावें व १० मिनिटें तसेंच राहूं द्यावें. भिजवून पाणी कसें कमी होईल, अशी शंका आपणांस येईल. मलाहि आली होती. परंतु उष्णतेनें टोफूंतील प्रथिनें आवळतात, मीठ पाण्याला बाहेर ओढतें, आणि शिवाय चकत्यांना खारटपणा लागतो. नंतर त्या स्वच्छ पंचावर पसरून वरून हलकेच टिपाव्या.

मधल्या दहा मिनिटांत लसणाच्या सहा पाकळ्या व इंचभर आलें बारीक चिरावें. दोन ढोबळ्या मिरच्यांचे मोठे तुकडे आणि पातीच्या चार कांद्यांचे लांबट काप करून ठेवावे. भिजलेल्या मिरच्या वाटून घ्याव्या. सिच्वानमध्यें येथें बाकल्याचे दाणे व लाल मिरची आंबवून केलेलें दाट तिखट वापरतात. पिश्येन गांवचें तें विशेष नांवाजलेलें. तें मिळालें तर चमचाभर घालावें, न मिळाल्यास ब्याडगीनें काम भागतें.

पसरट तव्यावर तीन मोठे चमचे तेल चांगलें तापवून चकत्या एकेक सुटी ठेवावी, आणि मग चार मिनिटें तिला हात लावूं नये. उतावीळपणें उलथणें घातलें कीं टोफू तव्याला चिकटतो व मोडतो. पापुद्रा सोनेरी झाला म्हणजे चकती आपण होऊन सुटते. दुसरी बाजूहि तशीच भाजून चकत्या काढून घ्याव्या. त्याच तेलांत लसूण, आलें व मिरचीचें वाटण अर्धें मिनिट परतावें, ढोबळी मिरची घालावी, आणि त्यांवर एक वाटी पाणी, दोन चहाचे चमचे सोया सॉस व अर्धा चमचा साखर घालावी. रसाला उकळी फुटली कीं चकत्या आंत सोडून तीन मिनिटें मंद आंचेवर शिजूं द्याव्या. शेवटीं चहाचा चमचाभर आरारूट किंवा कॉर्नफ्लोअर थंड पाण्यांत कालवून लावावें. त्यानें रस दाट होऊन चकत्यांना बिलगतो. पात पेरावी आणि गरम भाताबरोबर वाढावें. सोया सॉस खारट असतो. म्हणून चाखून पाहिल्यावांचून वेगळें मीठ घालूं नये.

उरलेली वडी स्वच्छ पाण्यांत बुडवून शीतकपाटांत ठेवावी, पाणी रोज बदलावें आणि तीन दिवसांत संपवावी. आंबूस वास आल्यास टाकून द्यावी. ज्यांना सोयाबीन बाधतें त्यांनीं हा पदार्थ वर्ज्य करावा. आणि कंठग्रंथीच्या विकारासाठीं गोळी घेणाऱ्यांनीं ती व सोयाबीन यांत किती अंतर ठेवावें, हें डॉक्टरांस विचारावें.

सोयाबीन आपल्याला परकें नाहीं. वर्ध्याच्या मगनवाडींत १९३५ सालीं महात्मा गांधींनीं तें रोजच्या आहारांत वापरून पाहिलें होतें व ‘हरिजन’ पत्रांत त्याविषयीं लिहिलें होतें. आज मराठवाड्यांत व विदर्भांत त्याचीं शेतेंच्या शेतें डुलतात आणि लातूरची सोयाबीनची बाजारपेठ देशभर प्रसिद्ध आहे. परंतु त्याचें तेल आपल्या स्वयंपाकघरांत येतें, आणि प्रथिनांनीं भरलेली पेंड बहुतेक कोंबड्यांच्या व गुरांच्या खाद्यांत जाते. आपल्याच शेतांतील या धान्याचा सकस भाग आपल्या ताटांत यावा, असें मला मनापासून वाटतें.

आमच्या घरीं तो आला आहे. दुसऱ्या वेळीं मी सासूबाईंना हा पदार्थ मिरची कमी घालून वाढला, तेव्हां त्या कांहीं बोलल्या नाहींत. मीहि विचारलें नाहीं. पण ताटें उचलावयास गेलें, तों त्यांची वाटी रिकामी होती; आणि परवां कचेरींतून येण्यास मला उशीर झाला, तेव्हां मिरच्या कोमट पाण्यांत आधींच भिजत पडलेल्या होत्या.