ताजे छायाचित्र मोबाईल कसे ओळखतो?

माणगंगेच्या काठी वसलेले म्हसवड व त्याच्या आसपासची गावे अवर्षणप्रवण माण तालुक्यात मोडतात. येथील जिरायत ज्वारी-बाजरीचे पीक आज डोलत असले, तरी पावसाने ओढ दिल्यास थोड्याच दिवसांत करपू लागते. म्हणून पीक कोणत्या दिवशी कोणत्या अवस्थेत उभे होते, याच्या नोंदीस फार महत्त्व आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः पिकाची नोंद छायाचित्रासह करतो व ती सातबारा उताऱ्यावर येते. गतवर्षीचे अथवा शेजारच्या शेताचे छायाचित्र चालू दिले, तर ही नोंद निरर्थक ठरेल. तेव्हा ताजे छायाचित्र ॲपला कसे ओळखता येते, हे जाणून घेणे उपयुक्त आहे.

मोबाईलमध्ये साठविलेल्या छायाचित्रांची एक यादी असते. गोदामाच्या आवकवहीसारखीच ती होय. नवे छायाचित्र दाखल होताच यादीत बदल होतो व मालकाने परवानगी दिलेली असल्यास मोबाईलची यंत्रणा तो बदल ॲपला कळविते. परंतु नुकतेच दाखल झालेले छायाचित्र नुकतेच काढलेले असतेच असे नाही. व्हॉट्सॲपवर आलेले जुने छायाचित्रही आजच्याच तारखेस दाखल होते. याकरिता दुसरी खूण पाहावी लागते. कॅमेरा छायाचित्राच्या फायलीतच ते काढल्याची तारीख व वेळ लिहितो. स्थाननोंद चालू असल्यास अक्षांश-रेखांशही लिहितो. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या रीतीने पाठविलेल्या छायाचित्रातून हा तपशील गळून पडतो.

तथापि ही खूणही पूर्ण भरवशाची नव्हे. मोबाईलचे घड्याळ मागेपुढे करता येते आणि फायलीतील तपशीलही बदलता येतो. सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे ॲपने आपलाच कॅमेरा उघडून छायाचित्र घेणे. असे केल्यास जुने छायाचित्र मध्ये येण्यास फारसा वाव राहत नाही व मालकाची खाजगी छायाचित्रे पाहण्याचेही ॲपला कारण उरत नाही. ई-पीक पाहणीत हीच पद्धत आहे.

शेतकरी बांधवांनी पुढील काळजी घ्यावी. छायाचित्र आपल्याच गटात उभे राहून ॲपमधूनच घ्यावे. मोबाईलमधील तारीख व वेळ आपोआप जुळणारी ठेवावी. स्थाननोंद चालू करावी व अक्षांश-रेखांश मिळाल्यावरच छायाचित्र टिपावे. मुदतीच्या शेवटच्या दिवसाची वाट न पाहता पीक उभे असतानाच पाहणी उरकावी. कारण करपलेले पीक पुन्हा उभे करून दाखविता येत नाही.